होडीवरचा मुअल्लिम

उर्दू शाळेत शिक्षकाला मुअल्लिम म्हणतात, शिक्षिकेला मुअल्लिमा. इल्म देणारा तो मुअल्लिम. बी.एड. करून नोकरीला लागले तेव्हा नेमणुकीच्या कागदावर 'सहशिक्षिका' असं लिहिलेलं होतं, आणि मुलं तर सरळ 'मिस' म्हणतात. तरीही मुअल्लिमा हा शब्द मला आवडतो. त्यात थोडी जबाबदारी आहे आणि थोडी ऐट आहे.

या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, हे मला फार उशिरा कळलं. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने जहाजावरच्या माणसांची एक यादी दिली आहे. पहिला नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी. त्याच्यानंतर लगेच मुअल्लिम. हा काही पोरांना अलिफ-बे शिकवणारा नव्हे. समुद्र कुठे खोल, कुठे उथळ हे ज्याला ठाऊक, ताऱ्यांचा हिशोब ज्याला येतो आणि जो जहाज मुक्कामाला पोचवतो, तो मुअल्लिम. पुढे तांडेल येतो, खलाशी येतात, भंडारी येतो. ही यादी वाचताना मला आमच्या ओटीवर बसल्यासारखं वाटलं. नाखुदाचा आमच्याकडे नाखवा झाला. सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. बंदर फारसी, खलाशी अरबी, मोसमी वाऱ्यातला मोसमसुद्धा अरबी. मराठी की उर्दू, हा वाद आपण जमिनीवर घालतो. पाण्यावर तो कधी कुणाला सुचलेला दिसत नाही.

माझे आजोबा तांडेल होते. मंगळूरहून कौलं भरून गलबत वर आणायचं आणि कोकणातल्या बंदराबंदरांत उतरवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना पाहिलेलं नाही. अब्बा त्यांच्याबरोबर लहानपणी दोन-तीन मोसम गेले, पुढे इंजिनाच्या बोटीवर लागले. घरातल्या मुलांना नांगर कसा टाकायचा, शीड कधी उतरवायचं, मतलई वारा पहाटे किती वेळ पुरतो हे सांगितलं जायचं. आम्हा मुलींना नाही. बाईने होडीवर पाय ठेवला तर बरकत जाते, असं दादी म्हणायची, आणि ती स्वतः बाईच होती. म्हणून आमच्या घरातलं पाण्याचं ज्ञान माझ्यापर्यंत आलं ते फक्त शब्दांच्या रूपात. बहुधा त्यामुळेच मी भाषेची शिक्षिका झाले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इब्न बतूताचा सफरनामा उर्दूत पुन्हा वाचायला घेतला. दिल्ली आणि तुघलकाचा भाग सगळेच वाचतात, पाठ्यपुस्तकातही तोच येतो. या वेळी मी रेंगाळले मालदीवच्या पानांवर. १३०४ साली तांजा शहरात जन्मलेला हा माणूस दिल्लीत बरीच वर्षं काझी होता. नंतर कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात सगळं गमावून बसला, आणि १३४३च्या सुमाराला दहा दिवसांचा प्रवास करून या बेटांवर पोचला. मोठी जहाजं त्याने पुष्कळ पाहिली होती. इथे मात्र त्याला लहान होडीतून बेटामागून बेट असं जावं लागलं.

ही बेटं म्हणजे काय प्रकार आहे, हे त्याने फार नेमकं सांगितलं आहे. शंभरेक बेटं मिळून एक कडं होतं आणि त्या कड्याला वेशीसारखी एक वाट असते. त्या वाटेनेच आत शिरायचं, दुसरीकडून गेलं की फुटलंच. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याला कंकणद्वीप म्हणतात. इंग्रजीतला 'अटॉल' हा शब्दही मालदीवच्या दिवेही भाषेतूनच गेला आहे. बेटं एकमेकांच्या इतकी जवळ की एक सोडलं की दुसऱ्याच्या माडांचे शेंडे दिसू लागतात. पण दिशा चुकली तर मग बेट सापडत नाही, वारा होडीला थेट माबरच्या किनाऱ्यावर किंवा सिलोनला नेऊन टाकतो. म्हणून बाहेरून आलेल्या जहाजाने बेटावरचा एक माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यायचा, हा तिथला रिवाज. हे वाक्य वाचून मी पेन्सिलीने खूण केली. पुढे ती उपयोगी पडली.

त्या होड्यांत खिळा नसायचा. फळीला भोकं पाडून काथ्याच्या दोरीने एकाला एक शिवायची. प्रवाळावर आपटली तर शिवलेली होडी जरा वाकते, लवते. खिळ्याची असती तर तडकली असती. काथ्या तिथूनच सगळीकडे जायचा, आणि जायच्या कवड्या. बंगालचे व्यापारी तांदूळ आणायचे आणि कवड्या भरून न्यायचे. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी त्याहून कितीतरी जास्त. आपण 'फुटकी कवडी देणार नाही' म्हणतो, कुणाला कवडीचुंबक म्हणतो, जमीन कवडीमोलाने गेली म्हणून हळहळतो. या सगळ्या कवड्या आपल्या समुद्रातल्या नव्हेत. या म्हणीही पाण्यावरूनच आल्या म्हणायच्या.

लहान होडीच्या प्रवासात पाहुणा आणि यजमान यांच्यात अंतर राहत नाही. जहाज आलं की बेटावरचे लोक होड्या घेऊन सामोरे येत आणि हातात पान आणि शहाळं असे. ज्याच्या हाती ते देत तो त्यांचा पाहुणा. त्याचं सामान खांद्यावर टाकून घरी नेत, जणू आपलाच कुणी परतला आहे. बतूताने हे सगळं प्रेमाने लिहिलं आहे. माणसं स्वच्छ, दिवसातून दोनदा आंघोळ करणारी, दीनदार, भांडणतंट्यापासून लांब. राज्य एका राणीचं. खदीजा तिचं नाव, आणि खुतबा तिच्या नावाने पढला जाई. चौदाव्या शतकात! आमच्याकडे आजही मशिदीच्या कमिटीवर बाई घ्यायची म्हटली की खोकले येतात.

बतूताला माहीत होतं की आपण काझी आहोत हे कळलं तर हे लोक आपल्याला सोडणार नाहीत. त्याने सोबत्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. पण कळायचं ते कळलंच आणि तो काझी झाला. इथून पुढे सफरनाम्याचा सूर बदलतो. जुम्म्याच्या नमाजाला न येणाऱ्याला फटके, आणि वर धिंड. घटस्फोट झाल्यावरही आधीच्या नवऱ्याच्या घरी राहणाऱ्या बायका दिसल्या, तर त्या पुरुषांना फटके. बायकांनी कमरेच्या वर कपडा घालावा असा हुकूम काढला, तो काही चालला नाही. तसं तो स्वतःच लिहितो. चोराचा हात तोडायला सांगितलं तेव्हा समोर बसलेल्यांपैकी काहींना भोवळ आली.

मी शिक्षिका आहे, मला हा माणूस ओळखीचा वाटतो. बदली होऊन नवा साहेब येतो. त्याला नियम पाठ असतात, गाव पाठ नसतं. आपल्या गावात पोरं कधी शाळेत येत नाहीत, का येत नाहीत, हे विचारायच्या आधी तो हजेरीचं रजिस्टर मागतो. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरतात, त्या दिवसांत मोठी पोरं वर्गातून गायब. नियमाने बघितलं तर ती गैरहजर. बतूता अडाणी नव्हता, लबाडही नव्हता. कायदा त्याला खरोखरच त्या माणसांपेक्षा जास्त येत होता. तरी त्या बेटांवर खालून प्रवाळ लागणार की नाही, हे सांगणारा माणूस वेगळा होता, आणि सफरनाम्यात त्याचं नाव नाही.

बायकांबद्दल त्याने लिहिलेली एक गोष्ट मला सोडवत नाही. इथे लग्न सोपं, मेहेर थोडा. जहाजावरचे लोक उतरले की लग्न करतात, निघताना तलाक देतात, कारण इथल्या बायका आपला मुलूख सोडून कधीच जात नाहीत. त्यानेही तेच केलं, एका वेळी चार. त्याच्या लेखणीतून ही सोय पुरुषाची दिसते. मी ते वाक्य उलटं वाचते. नवरे येवोत-जावोत, बाई आपलं बेट सोडत नव्हती.

मग वजिराशी बिनसलं, काझीपण सुटलं आणि तो पुन्हा लहान होडीत बसून बेटं फिरू लागला. या फिरण्यात एक इतकं लहान बेट आलं की त्यावर घर एकच. एक विणकर, त्याची बायको, मुलं. थोडे माड, थोड्या केळी आणि एक छोटी होडी. तीतून तो मासे मारायचा आणि हवं तेव्हा दुसऱ्या बेटावर जायचा. पाखरांत फक्त दोन कावळे. होडी जवळ येताच ते उडून घिरट्या घालू लागले. बतूता लिहितो की मला त्या माणसाचा हेवा वाटला, हे बेट माझं असतं तर मरेपर्यंत इथेच एकांतात राहिलो असतो. तीस वर्षं फिरणाऱ्या माणसाच्या तोंडी हे आलं म्हणून लोक त्या परिच्छेदावर खूश असतात. मला त्यातले ते दोन कावळे खरे वाटतात. उपदेश करायला बसलेला माणूस कावळे मोजत नाही.

अशी बेटं पाहायची म्हणून मागे एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको लक्षद्वीपला गेलो होतो. परवाना काढायचा, कोचीहून जहाज पकडायचं. छत्तीस बेटं, त्यांतली दहाच वस्तीची, आणि सगळी जमीन मिळून अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. जहाज बेटाला लागत नाही, ते प्रवाळाच्या बाहेर खोल पाण्यात थांबतं. मग लहान होडीत उतरायचं, तीही लाटेबरोबर वर-खाली होत असते. त्या दोन पावलांच्या उडीत मला दादीची बरकत आठवली. उतरले. होडी बुडाली नाही.

कल्पेनीला खाजणाच्या आतच तिलाक्कम आणि पिट्टी अशी टिकलीएवढी बेटं आहेत, माणूस राहत नाही. तिथे एका तरुण पोराने आम्हाला छोट्या शिडाच्या होडीतून फिरवलं. इंजिन नाही. शीड भरलं की होडी एका अंगावर कलते, दोरी ताणून धरायची, वारा सुटला की ढिली सोडायची. आवाज म्हणाल तर फक्त तळाला घासणाऱ्या पाण्याचा. तो पोरगा पुढे बघतच नव्हता, खाली बघत होता. फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ, निळं म्हणजे खोल. ऊन पाठीवर असताना रंग दिसतात, तोंडावर आलं की पाणी नुसतं चमकतं आणि काही कळत नाही. म्हणून परतायची वेळ उन्हावरून ठरवायची. हे त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. बी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं होतं, त्यात इतकं स्वच्छ टाचण मी पाहिलेलं नाही.

तुमच्या घरात आधीपासून हेच काम का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हम लोग मालमी हैं."

लक्षद्वीपच्या बेटांवर मालमी नावाचा एक समाजच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे नावाडी. मालमी म्हणजे मुअल्लिम. मी त्याला सांगितलं की मीही मुअल्लिमा आहे, उर्दू शिकवते. तो हसला आणि माझ्या हातात शिडाची दोरी दिली. पाच मिनिटं धरली असेल. तळहात चांगलाच सोलला. नवऱ्याने फोटो काढला तो नेमका माझा पदर शिडावर उडालेला.

रात्री जहाजाच्या डेकवर ध्रुवतारा शोधला. आमच्या गावातून तो क्षितिजाच्या वर साधारण अठरा अंशावर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर जवळजवळ दोन मुठी. कल्पेनीला एकच मूठ. मिनिकॉयला मुठीपेक्षाही कमी, आणि मालदीवची राजधानी मालेला अवघा चार अंशांवर, म्हणजे दोन-तीन बोटं. खाली जाल तसा तारा पाण्याकडे उतरतो. जुने मुअल्लिम हेच मोजायचे. लाकडाची एक चौकोनी फळी, मधून दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची ताऱ्याला. अमुक गाठीला तारा बसला की अमुक बंदराच्या रेषेत आलो, आता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं. या साधनाचं नाव कमाल. सुतळी आणि फळी. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिदने या विद्येवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात त्याने मुअल्लिमांचीही प्रतवारी लावली आहे. आम्हा शिक्षकांची लावायची झाली तर कोण कुठल्या रांगेत बसेल, हा विचार न केलेलाच बरा.

मिनिकॉयचे अली माणिकफान यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी शिकायला कन्नूरला पाठवलं होतं, शाळा सोडून ते बेटावर परतले. पुढे अनेक भाषा स्वतः शिकले, मासे ओळखायला शिकले. एका माशाच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. ब्रिटिश प्रवासी टिम सेव्हरिन याने १९८० साली ओमानच्या सूर बंदरात 'सोहार' नावाचं जुन्या पद्धतीचं जहाज बांधायला घेतलं, एकही खिळा न वापरता, काथ्याने शिवून. तेव्हा त्याच्या मदतीला हेच माणिकफान होते. ते जहाज पुढच्या वर्षी चीनपर्यंत गेलं, वाटेत लक्षद्वीपच्या चेटलाट बेटावरही थांबलं. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, "पण क्वालिफिकेशन काय त्यांचं?" मी चहा घेतला.

त्या पेन्सिलीच्या खुणेकडे येते. १३४४च्या ऑगस्टमध्ये बतूताने मालदीव सोडलं. जायचं होतं माबरला, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्याला. अंतर तीन दिवसांचं. होडीवर जाणता वाटाड्या नव्हता, हे तो स्वतः लिहितो. नऊ दिवस ते पाण्यावर होते आणि नवव्या दिवशी समोर आलं सिलोन. वाऱ्याने सापडलेल्याला कुठे नेऊन टाकतो, हे त्यानेच आधी लिहून ठेवलं होतं.

आठवीच्या वर्गात मी हे सांगत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील ट्रॉलरवर असतात. म्हणाली, "मिस, बेटावरचा एक माणूस घ्यायचा असतो ना? मग त्यांनी का नाही घेतला?" मी पुस्तकातलं कारण सांगितलं, म्हणजे वजिराशी झालेलं भांडण आणि घाईची निघानिघी. तिला ते पटलं नाही. घाई होती तर दोन माणसं घ्यायला पाहिजे होती, असं तिचं म्हणणं पडलं. वर्ग हसला. ती हसली नाही.

सगळं मात्र मी वर्गात सांगितलं नाही. त्या विणकराचा हेवा करणारा बतूता माबरला निघाला होता तो सैन्य आणायला. तिथला सुलतान त्याचा नातेवाईक लागत होता. त्याची फौज घेऊन यायचं आणि ही बेटं जिंकायची, असं एका सरदाराशी त्याचं आधीच ठरलेलं होतं. पांढरं निशाण दिसलं की इथून उठाव करायचा, इथपर्यंत. पुढे तो सुलतान वारला आणि बेत तसाच राहिला. आठवीच्या मुलांना राजकारण कळत नाही असं नाही, पण तासाची घंटा झाली होती.

त्यानंतर तो एकदा परत मालदीवला आला, पाच दिवसांसाठी. निघताना गरोदर असलेल्या बायकोला मुलगा झाला होता, तो सुमारे दोन वर्षांचा होता. त्याला घेऊन जावं म्हणून आला होता. मुलाला समोर आणलं. त्याने पाहिलं, आणि हा इथेच, त्यांच्यापाशी राहिलेला बरा असं त्याला वाटलं. मुलगा त्याने परत दिला आणि बंगालच्या वाटेला लागला. त्या मुलाचं पुढे काय झालं ते सफरनाम्यात नाही. पण तो वाढला असेल तर त्या खाजणातच वाढला असेल, आई बेट सोडणार नव्हती. आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत पाण्याचे रंग त्याला येत असणार.